बारनिशीचं टेबल

माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत, बारनिशीच्या टेबलावर. बारनिशी हा शब्द आता ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलांना सांगूनही कळत नाही. आलेलं टपाल फोडायचं, वरच्या कोपऱ्यात तारखेचा शिक्का मारायचा, आवक रजिस्टरात एक ओळ लिहायची, तिचा क्रमांक कागदावर घालायचा आणि ज्याचा कागद त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. शिक्का लाकडी मुठीचा होता. त्यात दिवस, महिना आणि साल यांचे रबरी पट्टे असत आणि सकाळी आल्या आल्या दिवसाचा पट्टा नखाने एक घर पुढे सरकवावा लागे. त्यामुळे उजव्या अंगठ्याच्या नखाखाली कायमची जांभळी शाई. लग्न ठरताना आईने ते नख लिंबाच्या फोडीने घासघासून काढलं होतं.

संस्थेचं एक त्रैमासिक निघायचं. त्याचे लेख टपालाने यायचे: फुलस्केपवर एका बाजूने लिहिलेले, कोपऱ्यात टाचणी. मी नवी होते, हातात आलेलं वाचत बसायचे. आमचे हेडक्लार्क काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, "बाई, मजकूर वाचायला संपादक आहेत. तुम्ही तारीख बघा."

विज्ञानाची नियतकालिकं सुरू कशी झाली याबद्दल मी अलीकडे बरंच वाचलं. रिटायर झाल्यावर वेळच वेळ असतो. माझी समजूत अशी की असलं काही न्यूटनसारख्या एखाद्या दिग्गजाने सुरू केलं असणार. शोधत गेले आणि निघाला तो चक्क बारनिशीचा माणूस.

हेन्री ओल्डेनबर्ग त्याचं नाव. मूळचा ब्रेमेनचा जर्मन, १६५३ मध्ये आपल्या शहराची वकिली करायला लंडनला गेला आणि पुढे तिथलाच झाला. काही दिवस श्रीमंतांच्या मुलांना शिकवलं. लॅटिन, फ्रेंच, इटालियन, डच, इंग्रजी अशा भाषा येत होत्या. १६६० मध्ये लंडनला रॉयल सोसायटी ही विज्ञानाची संस्था स्थापन झाली, दोन वर्षांनी तिला राजाची सनद मिळाली, आणि सनदेत ज्या दोन चिटणिसांची नावं होती त्यातला एक हा. स्वतः त्याने एकही शोध लावला नाही. त्याने पत्रं लिहिली. पॅरिस, डेल्फ्ट, डान्झिग, रोम, जिथे कोणी दुर्बीण रोखून बसलं असेल किंवा बेडूक कापत असेल तिथे याचं पत्र जायचं: तुमच्याकडे नवीन काय? उत्तर आलं की ते सोसायटीच्या बैठकीत वाचायचं, नोंदवायचं आणि त्याचा गोषवारा दुसऱ्या दहा जणांना कळवायचा.

त्याआधी शोध लागला की लोक काय करत? बरेचदा लपवत. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीकडे दुर्बीण लावली तर ग्रहाच्या दोन बाजूंना काहीतरी चिकटल्यासारखं दिसलं. ते जाहीर करावं तर अजून खात्री नाही, गप्प बसावं तर दुसरा कोणी आधी सांगेल. म्हणून त्याने आपलं वाक्य लॅटिनमध्ये लिहून त्यातली अक्षरं विस्कटली आणि तो अक्षरांचा काला मित्रांना धाडून दिला. उद्या वाद झालाच तर अक्षरं जुळवून दाखवता येतील. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने ते कोडं सोडवायचा खटाटोप केला आणि अक्षरं ओढूनताणून बसवत मंगळाला दोन चंद्र आहेत असा अर्थ काढला. गंमत म्हणजे मंगळाला खरोखरच दोन चंद्र आहेत, पण ते सापडायला १८७७ साल उजाडावं लागलं. रॉबर्ट हूकने तर स्प्रिंगचा आपला नियम चौदा अक्षरांत कुलूपबंद करून १६७६ मध्ये छापला आणि किल्ली दिली दोन वर्षांनी: जसा ताण तसं बळ. पाककृती सांगायची पण मिठाचं माप गाळायचं, तसलाच हा प्रकार.

या लपवालपवीमागे चोरीची भीती होती आणि ती खोटीही नव्हती. रॉबर्ट बॉइलला ती कायम छळायची. ओल्डेनबर्गने त्याला १६६४ च्या नोव्हेंबरात जे लिहिलं ते वाचताना मी खुर्चीत ताठ झाले. त्याचा आशय असा की नव्या गोष्टीइतकीच, ती कोणी आणली आणि केव्हा आणली याची नोंद आपण काटेकोर ठेवली पाहिजे, म्हणजे शोधाचा मान पुढच्या पिढ्यांपर्यंत ज्याचा त्याच्याकडे राहील. व्यक्ती आणि वेळ. माझ्या रजिस्टरातले दोन रकाने! तिसरा 'विषय' नावाचा होता, आणि तो थोडक्यात लिहा असं काका सांगायचे.

पहिला मान मात्र लंडनचा नाही. पॅरिसमध्ये दनी द सालो नावाच्या न्यायालयातल्या एका अधिकाऱ्याने ५ जानेवारी १६६५ ला, सोमवारी, 'जुर्नाल दे सावां' काढलं. नाव स्वतःचं न घालता दुसरंच घातलं होतं. दर आठवड्याला अंक, मुख्यतः नव्या पुस्तकांची ओळख, आणि ती ओळख अशी तिखट की लेखक दुखावले, धर्मपीठही दुखावलं. तेरा अंकांनंतर मार्चअखेर सालोचा गाशा गुंडाळला गेला. पुढच्या जानेवारीत झां गालवा नावाच्या मवाळ पाद्र्याच्या हाताखाली ते पुन्हा सुरू झालं. पुस्तक-परीक्षणाने माणसं किती दुखावतात हे मला कोणी सांगायला नको. आमच्याकडे परीक्षण छापून आलं की आठवडाभर जावकपेक्षा आवक जास्त.

लंडनचा अंक त्यानंतर दोन महिन्यांनी आला. 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स', ६ मार्च, तोही सोमवार. सोसायटीच्या कौन्सिलने ठरवून दिलं होतं की पुरेसा मजकूर असेल तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अंक छापावा, आणि छापण्याआधी काही सभासदांनी तो नजरेखालून घालावा. आता या तारखेतच एक मेख आहे. इंग्लंडचं पंचांग तेव्हा पॅरिसच्या दहा दिवस मागे होतं आणि तिथलं कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे लंडनचा ६ मार्च हा पॅरिसचा १६ मार्च, आणि लंडनच्या हिशेबाने साल अजून १६६४ च. पॅरिसहून निघालेलं पत्र निघाल्या तारखेच्या आधीच्या तारखेला लंडनला पोचू शकत होतं. शिक्का माझ्या हातात असता तर मी रजाच टाकली असती.

तो पहिला अंक सोळा पानांचा. त्यात काय असेल याची माझी कल्पना फार गंभीर होती. आहे त्यात गांभीर्य: गुरूच्या पट्ट्यावर हूकला दिसलेला ठिपका, रोममधली नवी भिंगं, नुकत्याच दिसलेल्या धूमकेतूच्या मार्गाचं भाकीत, समुद्रावर रेखांश काढायला लंबकाच्या घड्याळांचा उपयोग. पण त्याच अंकात बर्म्युडाजवळची देवमाशांची शिकार आहे, जर्मनीतली शिशाची खनिजं आहेत, आणि एक वासरू आहे. हॅम्पशर परगण्यात लिमिंग्टन गावच्या खाटकाने गाय कापली तर पोटात वासरू निघालं. मागच्या पायांना सांधे नाहीत, आणि जीभ तिहेरी, तोंडाच्या दोन बाजूंना एकेक आणि मधे एक. ही बातमी दिली बॉइलने. तोच बॉइल, ज्याचं वायूच्या दाबाचं सूत्र आम्ही नववीत घोकलं.

मला हे वासरू फार आवडलं. आज आपण हसू, पण संपादकाच्या टेबलावर त्या दिवशी ठिपका आणि वासरू शेजारी शेजारी पडले होते आणि दोन्हींतलं कुठलं टिकेल हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याने दोन्ही घेतले. कोणी पाहिलं, कुठे पाहिलं, ते लिहिलं आणि पुढच्याकडे वळला. आमच्या त्रैमासिकातही शिलालेखांच्या वाचनाच्या मधेच एखादा लेख पंचक्रोशीतल्या जुन्या विहिरींवर असायचा. संपादक नाक मुरडत घ्यायचे. आज लोक येतात ते तो विहिरींचा लेख मागायला.

अंक हा ओल्डेनबर्गचा स्वतःचा धंदा होता. सोसायटीचा आशीर्वाद, पण नफा-तोटा याचा. सोसायटी चिटणिसाला पगार देत नव्हती. वर्षाला चाळीस पौंड ठरले ते १६६९ मध्ये. आणि धंदा सुरू केला त्याच वर्षी उन्हाळ्यात लंडनला प्लेग आला. सोसायटीच्या बैठका बंद, सभासद गावोगाव पांगले, काही अंक ऑक्सफर्डला छापावे लागले. हा मात्र लंडनमध्येच राहिला. पत्रं येतच होती ना. पुढच्या वर्षी सप्टेंबरात आग लागली. सेंट पॉलच्या आवारातल्या पुस्तकविक्यांनी आपला माल चर्चच्या तळघरात सुरक्षित म्हणून नेऊन ठेवला होता, तो सगळा जळाला.

तिसऱ्या वर्षी तुरुंग. १६६७ च्या जूनमध्ये डच आरमार थेट मेडवे नदीत शिरलं आणि इंग्लंडची जहाजं जाळून गेलं. राजधानीत घबराट. अशा वेळी परदेशाशी सतत पत्रव्यवहार करणारा, वर जन्माने परका माणूस कोण? २० जूनला ओल्डेनबर्गला टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात टाकलं. सोसायटीचा एक सभासद सॅम्युअल पीप्स याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की आपल्या चिटणिसाला फ्रान्समधल्या विद्वानाला बातम्या कळवल्याबद्दल पकडलंय, आता काही लिहायचीही सोय उरली नाही. दोन महिन्यांनी, युद्ध मिटल्यावर, सुटला. त्याच्या टपालाची व्यवस्था तर आणखी मजेची होती. परदेशातली पत्रं 'मिस्टर ग्रुबेन्डोल, लंडन' या नावाने यायची. ओल्डेनबर्गचीच अक्षरं उलटसुलट केलेली. त्या नावाची पाकिटं सरकारच्या सचिवालयात जात, टपालखर्च सरकार भरी, आणि त्या बदल्यात पत्रांत राजकारणाची काही खबर असली तर ओल्डेनबर्ग ती सचिवालयाला पुरवी. लोकांची विस्कटलेली अक्षरं उलगडायला निघालेल्या माणसाने स्वतःचं नाव मात्र तसंच विस्कटून ठेवलं होतं.

या दारातून जे आत आलं त्याची यादी करत नाही, दोनच सांगते. केंब्रिजचा एक तिशीच्या आतला प्राध्यापक १६७२ मध्ये कळवतो की पांढरा प्रकाश रंगांचा बनलेला असतो. ओल्डेनबर्ग लगेच छापतो. हूकसकट अनेक जण तुटून पडतात, आणि न्यूटन इतका वैतागतो की पुन्हा छापायच्या फंदात पडू नये असं त्याला वाटू लागतं. दुसरा डेल्फ्टचा कापडवाला, अंटोनी फान लेव्हेनहूक. डचशिवाय भाषा येत नाही, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. मिरी जिभेला का झोंबते हे बघायला त्याने मिरे पाण्यात भिजत घातले, आणि १६७६ च्या एप्रिलमध्ये त्या पाण्याचा थेंब आपल्या घरगुती भिंगाखाली धरला. आत वळवळणारे जीव. मिऱ्याला सूक्ष्म काटे असतील असा त्याचा अंदाज होता! त्याचं लांबलचक डच पत्र ओल्डेनबर्गने बसून इंग्रजीत आणलं, काटछाट केली आणि १६७७ च्या वसंतात छापलं. जिवाणूंची पहिली छापील वार्ता ती हीच. विश्वास बसेना म्हणून लेव्हेनहूकने गावातल्या प्रतिष्ठितांचे, धर्मोपदेशकांचे दाखले पाठवले. दाखला जोडल्याशिवाय अर्ज ग्राह्य नाही, हे तेव्हापासूनचंच.

ओल्डेनबर्ग नुसती आलेली पत्रं छापत नव्हता, प्रश्नही छापायचा. जहाजावरून जाणाऱ्यांनी कुठल्या मुलखात काय बघून यावं याच्या याद्या. त्यातली १६६७ च्या मार्चची यादी 'सुरत आणि पूर्वेकडचे इतर प्रदेश' यांच्यासाठी आहे. हे पान मी दोनदा वाचलं. महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली ती १६६४ च्या जानेवारीत. आग्र्याहून ते निसटले १६६६ च्या ऑगस्टमध्ये. आपल्या बखरी ज्या बंदराचा धूर सांगतात, त्याच बंदराच्या वखारीसाठी लंडनमध्ये एक माणूस प्रश्नपत्रिका काढत बसला होता. असे प्रश्न बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, एका रहिवाशालाही गेले होते. त्यातला पहिला असा: हिरे खणून काढले की तीन-चार वर्षांनी त्याच जागी पुन्हा उगवतात का? उत्तर आलं, कधीच नाही, निदान माणसाच्या आठवणीत तरी नाही.

आपल्याकडून तिकडे गेलेली एक नोंद मात्र मला पुण्यातली म्हणून टोचते. ती जरा पुढची, १७९४ च्या ऑक्टोबरची, आणि विद्वानांच्या नियतकालिकात नसून 'जंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या लोकप्रिय मासिकात छापलेली. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडून नाक कापलं. वर्षभराने पुण्याजवळ एकाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. बघायला दोन इंग्रज डॉक्टर हजर होते. वृत्तांत सचित्र छापून आला, आणि तो वाचून वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्पू नावाच्या सर्जनने लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. वृत्तांतात रुग्णाचं नाव आहे, बघ्या डॉक्टरांची नावं आहेत. नाक बसवणारा? 'विटा पाडणाऱ्या जातीतला एक माणूस'. विषयाचा रकाना भरला, वेळेचा भरला, व्यक्तीचा तसाच कोरा.

आता माझं सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार, अर्धा दिवस, सगळ्यांना घरची घाई. शेवटच्या टपालात एक खाकी पाकीट आलं. साधं टपाल, रजिस्टर केलेलं नाही. कराडकडच्या एका निवृत्त शाळामास्तरांनी आपल्या भागात सापडलेल्या ताम्रपटाचं वाचन पाठवलं होतं. अक्षर इतकं सुंदर की मी पहिलं पान वाचून काढलं. रजिस्टर काकांनी कपाटात टाकून कुलूप लावलं होतं. म्हटलं, सोमवार काय नि आज काय. पाकीट खणात ठेवलं. सोमवारपासून सुट्टी होती.

सुट्टीनंतर शिक्का मारला तो ऑफिस उघडल्याच्या तारखेचा. मधल्या दिवसांत दुसऱ्या एका अभ्यासकांनी त्याच ताम्रपटावरचं टिपण संपादकांच्या घरी हातोहात दिलं होतं आणि संपादकांनी त्यावर तिथेच तारीख टाकली होती. अंकात ते आलं. मास्तरांच्या वाट्याला तळटीप आली: याच ताम्रपटाचं वाचन अमुक यांच्याकडूनही नंतर प्राप्त झालं आहे. 'नंतर' हा शब्द माझ्या शिक्क्याने लिहिला.

मास्तर फेब्रुवारीत आले. धोतर, काळा कोट, हातात छत्री, उन्हाळ्याच्या तोंडाला छत्री. रजिस्टर बघायला मागितलं. मी ते त्यांच्यापुढे फिरवून ठेवलं. त्यांनी बोट ओळीवर ठेवून डावीकडून उजवीकडे नेलं, तारखेपाशी थांबवलं, पुन्हा पहिल्यापासून नेलं. मग म्हणाले, "नोंद व्यवस्थित आहे हो बाई." चहा घेतला, कपबशी स्वतः उचलून खिडकीत ठेवली आणि गेले. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. काकांना पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तर ते नुसते 'हं' म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.

ओल्डेनबर्गनेही असं काही केलं का? हूकची पक्की समजूत होती की केलं. १६७५ मध्ये पॅरिसला राहणाऱ्या हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने स्प्रिंगवर चालणारं घड्याळ जाहीर केल्यावर हूक भडकला: ही कल्पना माझी, सोसायटीत मी ती आधीच दाखवली होती आणि चिटणिसाने पत्रांतून ती पॅरिसला पोचवली. ओल्डेनबर्गला त्याने खबरींचा दलाल म्हटलं. दोन वर्षांनी, १६७७ च्या सप्टेंबरात, ओल्डेनबर्ग अचानक गेला, पाठोपाठ काही दिवसांत बायको गेली, मागे दोन लहान मुलं. त्याच्या जागी चिटणीस झाला तो हूक. आणि त्याच नोव्हेंबरात लेव्हेनहूकचे मिऱ्याच्या पाण्यातले जीव सोसायटीच्या सभासदांना स्वतःच्या सूक्ष्मदर्शकातून दाखवले तेही हूकनेच.

चिटणीस झाल्यावर हूकने पहिलं काय केलं असेल? जुनी इतिवृत्तं उपसली. ओल्डेनबर्गच्या काळातल्या बैठकांचे उतारे हाताने काढत गेला, मधे मधे संतापाचे शेरे मारत. आपली नोंद कुठे दडपली ते शोधत. ते कागद पुढे नाहीसे झाले ते तीनशे वर्षं. २००६ मध्ये हॅम्पशरमधल्या एका घराच्या कपाटात पाचशेहून अधिक पानांचा गठ्ठा सापडला आणि लिलावाच्या अगदी तोंडावर सोसायटीने जवळपास दहा लाख पौंड मोजून तो घेतला. त्यात २३ जून १६७० च्या बैठकीचा उतारा आहे. हूकने त्या दिवशी घड्याळ दाखवलं होतं.

हॅम्पशर म्हणजे तीन जिभांच्या वासराचाच परगणा. हे उगाच, माझ्यापुरतं.

तो गठ्ठा वाचला त्या रात्री मला मास्तरांचं पाकीट आठवलं. पाकिटावर टपालाचा शिक्का असणारच. त्यावरून ते केव्हा निघालं ते कोणालाही सिद्ध करता आलं असतं. लेख संस्थेत आहे, पाकीट नाही. कारण माझा धाकटा भाऊ तेव्हा तिकिटं जमवायचा आणि त्याच्यासाठी मी पाकिटांचे कोपरे फाडून घरी न्यायची. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला गेले तेव्हा त्याला माळ्यावरून अल्बम काढायला लावला. त्याने तिकिटं पाण्यात भिजवून, सोडवून, ओळीने लावलेली. एकेक बघत गेले. सगळ्यांवर शिक्क्याचा पाव-अर्धा गोल येतो, बाकीचा पाकिटावर राहिलेला. एका तिकिटावर कमानीत 'राड' अशी दोन अक्षरं लागली आणि त्यांच्या खाली एक आकडा, अर्धा कापलेला. दोन असेल किंवा तीन. भावाने भिंग आणून दिलं. मी बराच वेळ धरून बसले होते.